हवालदाराची बोटं कुठं गेली

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. लोक अजून येतात. दुआ करतात, खजूर खातात आणि उठताना ह्यांचा खांदा दाबून म्हणतात, "इक्बाल, तुझे बाबा म्हणजे हवालदाराचं रक्त." मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकते. सोळा वर्षं तुमची सून आहे, आणि तुमच्यासमोर चहा ठेवण्यापलीकडं मी फारसं बोलले नाही. आता बोलते. सोमवारी कंपनीत ह्यांना सांगायचं आहे, सौदीत राहायचा इकामा अजून दोन वर्षं वाढवायचा की फायनल एक्झिट घेऊन घरी जायचं. त्याच्या आत मला तुमच्याकडून एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती. तेवढ्यात तुम्ही गेलात. तुमची जाण्याची वेळही मला संशयाचीच वाटते.

सासूबाई गेल्यावर मी सनाला घेऊन जेद्द्याला ह्यांच्याकडं आले, त्या पहिल्या महिन्यात तुम्ही बुरैद्याहून आला होता आणि आम्हाला समुद्रावर घेऊन गेला होता. मला रस्ता ओलांडता येत नव्हता. तुम्ही माझ्या आणि गाड्यांच्या मधे चाललात. पाण्याच्या कठड्याशी उभं राहून हात लांब केलात. "ते बघ गो पोरी. सरळ पलीकडं, जरा खाली. तिथं हबशांचा मुलूख. माझा पणजोबा हवालदार तिथं उतरला होता, इंग्रजांच्या पलटणीतून." हे हसत होते. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं. मला नव्हतं, गावात तुम्ही असे बोलतच नव्हता. मी ऐकत राहिले. पलटण जहाजातून उतरली. जहाजात हत्ती होते, तोफा वाहायला. डोंगर इतका उभा की खेचरं बसून घसरत. मग किल्ल्याच्या दारात हबशी शिपायाची तलवार आली, हवालदारानं हात आडवा धरला आणि त्याची दोन बोटं गेली. "तरी मैदान सोडलं नाय. पलटण परतली तेव्हा परतला. त्याच्या आधी एक दिवस नाय."

तेव्हा मला खोटे वाटले ते हत्ती. जहाजात हत्ती कसा उभा राहील? बोटांचा संशय मला आला नाही. पुढं तुम्ही आमच्याकडं राहायला आल्यावर सनानं शाळेच्या कामासाठी फोनवर शोधलं आणि ओरडली, "मम्मी, हाथी वाला सच है!" तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या. मी काही म्हणाले नव्हते, तरी माझ्या मनातलं तुम्हाला कळलं होतं. त्या दिवसापासून आपण दोघं एकमेकांवर नजर ठेवून होतो असं मला वाटतं.

त्याच दिवशी सनानं विचारलं होतं, कुठल्या हाताची बोटं. तुम्ही म्हणालात, डाव्या. ती म्हणाली, "दादा, पिछली बार तो आपने राइट बोला था."

"लढाईत डावा-उजवा कोण बघत बसतो गे!" तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. मी कप उचलले. पण उजव्या हाताची बोटं मीही ऐकली होती. मागच्या ईदला तुमच्या मित्रांसमोर तर तीन बोटं गेली होती.

हे असं मोजत बसणं मला शोभत नाही. ज्या माणसानं मला पोटच्या पोरीसारखं वागवलं त्याची बोटं मोजत मी दाराआड उभी. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे कामावरून सुटू शकले नाहीत, तेव्हा दवाखान्यात तुम्ही आलात. डॉक्टरीणबाई मला काय विचारत होत्या ते तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून भिंतीकडं तोंड करून बसलात, दीड तास. दुकानात मला बोलता यायचं नाही तेव्हा तुम्ही दुकानदाराला सांगून ठेवलंत, ही माझी बेटी आहे, ही बोट दाखवेल ते दे. मी हे सगळं विसरलेले नाही. म्हणूनच तर भांडण अवघड आहे.

भांडण अकरा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा मी गावाला होते, सासूबाईंबरोबर. सना तीन वर्षांची. ह्यांचा हात गोदामात कंटेनरच्या दारात सापडला. बोटं राहिली, पण तीन बोटं वाकेनात. हे फोनवर म्हणाले, "मी येतो गो परत. बस झालं. बांध बघू, वरचा तुकडा अजून गोडा आहे, खारं पाणी शिरलेलं नाही, दोघं मिळून लावू." मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पेटीतून ह्यांच्या दोन लुंग्या काढून धुतल्या आणि अंगणात वाळत घातल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज निराळाच. "बाबा आले होते बुरैद्याहून. मी थांबतो."

"काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, हवालदाराची बोटं गेली तरी तो उभा राहिला. तुझी तर जागेवर आहेत."

लुंग्या मी घड्या करून परत पेटीत ठेवल्या. ह्यांनी उजव्या हातानं घास घेणं सोडलं नाही, पण भात सांडतो. सना लहान असताना त्यांच्या ताटाखाली वर्तमानपत्र घालायची. अकरा वर्षं, बाबा. मधल्या काळात खालचा बांध फुटला, खारं पाणी आत आलं, आता तिथं तिवरांची झाडं उगवलीत. मी तुम्हाला दोष देते असं नाही. देते. लिहिते आहे तर खरं लिहावं.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला वाटलं मला कळली नाही.

लग्नाला दोन महिने झाले होते. तुम्ही सुट्टीवर आला होता. घरात पुरुष टिकायचे नाहीत, म्हणून उघाडी कशी चालवायची ते तुम्हीच मला शिकवलंत. बांधाच्या तोंडाशी दोन दगडी खाचा आणि त्यांतून वरखाली होणारी जड फळी. भरती आली की फळी खाली सोडायची, ओहोटीला वर ओढायची, म्हणजे शेतातलं पाणी जातं आणि खाडीचं आत येत नाही. हवालदारानंच हा बांध घातला, तुम्ही सांगितलंत. लढाईहून आला तेव्हा इथं नुसता चिखल होता. त्यानं सात घरच्या माणसांना कवायतीसारखं ओळीत उभं केलं, दोन भरत्यांच्या मधे दगड-माती टाकायला लावलं, आणि तिसऱ्या वर्षी खारात टिकणारा लाल राता भात पिकवला. हे सांगताना तुम्ही लढाई सांगताना असता तसे नव्हता. आवाज चढवला नाहीत. चिखलात वाकून खाचेतलं शेवाळ बोटानं काढत बोलत होता.

मग म्हणालात, "फळी सोडताना हात खाचेवर ठेवायचा नाय. दोर धरून दोन पावलं मागं. आणि सोडण्याआधी ओरडायचं, 'बोटं!' समोरचा म्हणेल, 'घेतली!' मगच सोडायची. एकटी असलीस तरी ओरडायचं."

"एकटी असले तर 'घेतली' कोण म्हणेल?" मी विचारलं. सोळा वर्षांत मी तुम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

तुम्ही हसलात. "तूच म्हण. आमच्यात असंच आहे. हवालदारानं घालून दिलंय."

पुढं मी आणि सासूबाई ती फळी सोडायचो. मी "बोटं!" ओरडायचे, मला लाज वाटायची. शेजारची उघाडी पाटलांची, ते असं काही ओरडत नसत. त्यांची म्हातारी पलीकडून विचारायची, "काय गो, झाली काय हवालदारांची बोटं मोजून?" आणि सासूबाई म्हणायच्या, "झाली. तुझ्या तोंडातले दात मोजून घे." सगळ्या खाडीत हे फक्त आपल्याच घरात ओरडत. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. चुलीला नमक दाखवायची रीत असते, तशी हीही एक.

इथं आल्यावर, तुम्ही हत्ती आणि तलवार सांगायला लागल्यावर, एक दिवस भांडी घासताना हात थांबला. ज्याची बोटं हबशांच्या मुलखात तलवारीनं गेली, तो माणूस आपल्या सुना-लेकरांना उघाडीच्या खाचेशी 'बोटं' ओरडायला कशाला शिकवेल? तो तलवारीची भीती सांगेल. खाचेची भीती त्यालाच, ज्याची बोटं त्या खाचेत गेली.

म्हणजे हवालदार लढाईहून दहा बोटं घेऊन आला. धडधाकट आला. बोटं गेली ती घरी, नंतर, स्वतःच्या बांधावर, भात वाचवताना.

आणि तुम्हाला हे माहीत नसेल? तुमचा आजा त्याचा धाकटा मुलगा. मोठे दोघे बोटीवर गेले, हा एकटा शेतात राहिला. तो त्या हाताशेजारी बसून जेवला असणार. त्यानं तुम्हाला मांडीवर घेऊन सांगितलं असणार. हवालदाराच्या बायकोचं नाव मात्र कोणी सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा तुम्हालाही आठवलं नाही. तुम्ही सांगायचा, तो परत आला तेव्हा तिनं त्याला ओळखलं नाही. मला वाटायचं, ओळखलं नसेल की ओळख दाखवली नसेल? इतकी वर्षं तिनं एकटीनं काढली होती. असो. तिच्याबद्दलचा संशय माझा एकटीचा आहे.

रमजानच्या आधी मी धीर केला. दुपारची वेळ, सना शाळेत, हे कामावर. मी तुमची नखं कापत होते. तुमचा हात माझ्या हातात होता म्हणून असेल, तोंडातून निघालं. "बाबा, हवालदाराची बोटं उघाडीत गेली ना?"

तुम्ही हात काढून घेतला नाहीत. पण जड केलात.

"तुला कोण बोललं?"

"कोणी नाही. आपण 'बोटं' ओरडतो ना, त्यावरून."

"चौथी पास बाई वकिली करायला लागली." मग, "नखं काप. बोलू नको."

दोन दिवस तुम्ही चहा सनाच्या हातून घेतलात. मी ठेवलेला तसाच. तिसऱ्या दिवशी मी तुमचा बिछाना बदलत होते तेव्हा, मला न बघता म्हणालात, "धडधाकट परत आलेल्या माणसाला गावात काय विचारतात, ठाऊक आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारतात, परत कधी जाणार? मशिदीत विचारतात, पारावर विचारतात. लंगडत गेलं तर नाय विचारत."

एवढंच. मला वाटलं पुढं बोलाल. तुम्ही रिमोट मागितलात. हे काय होतं, बाबा? कबुली होती की मला गप्प करणं होतं? मी आजही ठरवू शकत नाही. बोटं तुम्ही तलवारीला दिलीत ती कोणासाठी? हवालदाराला गावाच्या तोंडापासून वाचवायला की स्वतःला?

हे विचारते, कारण मागच्या रविवारी बुरैद्याहून तुमच्या मालकाचा, कफीलचा मुलगा आला. खजुरांचा डबा घेऊन, स्वतः गाडी चालवत. तुम्ही त्याला लहानपणी त्यांच्या खजुराच्या बागेत, पंपाच्या हौदात पोहायला शिकवलंत म्हणे. तो हिंदी बोलतो, तुमच्याच सारखी, अर्धी कोकणी. खूप रडला. मग ह्यांना म्हणाला, "एक बात का आज तक अफसोस है. तुम्हारी वालिदा गुजर गई, दाऊदचाचाने बताया ही नहीं. महीने बाद किसी और से पता चला. वालिद बहुत नाराज हुए. बोले, मैं उसी दिन भेज देता."

दाराआड मी हातातला ट्रे खाली ठेवला. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही फोनवर आम्हाला सांगितलं होतं, खजुराचा हंगाम आहे, कफील सोडत नाही. मी गावातल्या बायकांना तेच सांगितलं. सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत तीनदा विचारलं होतं, "निघाले काय?" मी तीनदा म्हटलं, निघतील. आणि तुम्ही विचारलंच नव्हतं. सुट्टी मागितलीच नव्हती. मला त्याचा वास तेव्हाच आला होता. तुमच्या आवाजात सुट्टी नाकारलेल्या माणसाचा राग नव्हता. पण संशय असणं वेगळं आणि पाहुण्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. तुम्हाला बायकोच्या मयतीची भीती नव्हती, हे मला आता कळतं. तुम्हाला चाळीस दिवसांचा दुखवटा सरल्यानंतरच्या दिवसांची भीती होती. शेत, घर, रिकामी खाट, आणि पारावर तोच प्रश्न.

मला वाटलं हे ऐकून ह्यांचे डोळे उघडतील. पाहुणा गेल्यावर ह्यांनी दार लावलं. मग म्हणाले, "बघ गो. आईच्या मयतीलाही बाबांनी काम सोडलं नाही. आणि मी इथं एक्झिटचा विचार करतोय." मग म्हणाले, "दोन वर्षं वाढवतो. बाबांच्या नावाला बट्टा नको."

इथं मी लिहायला बसले. मला तुम्हाला विचारायचं होतं: सांगू की नको? सांगितलं तर ह्यांच्या हातून बाप जातो, आताच मातीत ठेवलेला बाप. इथल्या कबरीवर नावही नसतं, नुसता एक दगड. ह्यांच्याकडं तुमची गोष्टच तेवढी उरली आहे. नाही सांगितलं तर दोन वर्षं, मग अजून दोन, आणि एक दिवस ह्यांच्याही कबरीवर दगड. सनाच्या नवऱ्यालाही हवालदाराची तलवार ऐकवली जाईल. तुम्ही काही बोलत नाही. जिवंतपणी बोलला नाहीत तर आता काय बोलणार.

हे वरचं लिहून दोन दिवस झाले. आज रविवार आहे.

काल सकाळी हे घरी होते. सनाला सुट्टी होती, ती मैत्रिणीकडं गेली होती. मी त्यांच्यासमोर बसले. मी अशी समोर बसत नाही, त्यामुळं ते घाबरले. "काय झालं? तब्येत?"

मी म्हटलं, "फळी सोडताना आपण काय ओरडतो?"

"बोटं," ते म्हणाले. "का?"

"कशाला ओरडतो?"

ते हसले. मग हसू थांबलं. मी आणखी काही सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं त्या बांधावर राहिलेत. त्यांनी आपला उजवा हात वर धरला, वाकत नाहीत त्या बोटांकडं बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तो धडधाकट आला."

"हो."

"कोणी आणला नाही. जखमी म्हणून पाठवला नाही. पलटणीत अजून राहता आलं असतं, तरी आपणहून घरी आला."

"आला आणि बांध घातला."

ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग तोच प्रश्न आला ज्याची मला भीती होती. माझ्याकडं बघून, नजर न हलवता. "बाबांना माहीत होतं?"

बाबा, तुमची नखं कापतानाचा तुमचा जड झालेला हात मला आठवला. रिमोट आठवला. सासूबाईंचं "निघाले काय" आठवलं. सगळं माझ्या जिभेवर होतं. सोळा वर्षं मी जे बोलले नाही ते एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं, आणि ते खरं असतं.

मी म्हटलं, "नाही. त्यांच्या आजानं त्यांना जे सांगितलं, तेच ते सांगत राहिले."

"तुला कसं कळणार?"

"मी विचारलं होतं त्यांना. नखं कापताना. ते चकित झाले होते."

ह्यांचे खांदे खाली आले. तुम्ही गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता, दफन करून आले तेव्हाही नाही. काल रडले. लहान मुलासारखे, नाक पुसत, "बिचारे बाबा, त्यांना कोणी खरं सांगितलंच नाही," म्हणत. मी त्यांना पाणी दिलं. उद्या ते कंपनीत फायनल एक्झिट सांगणार आहेत. सनाची परीक्षा झाली की निघू.

तर असं मी तुमच्यासाठी खोटं बोलले. मला खोटं बोलायची सवय नाही, रात्री जेवताना माझा चेहरा लाल होता, सनानं विचारलंही. तुम्ही मला माफ करा किंवा करू नका. मी तुम्हाला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. माझा संशय होता तिथंच आहे, बाबा. तुम्हाला माहीत होतं. पण तुमच्या मुलाला तो मी दिला नाही, आणि देणार नाही.